नसलेली सात मिनिटं

तुम्ही माझ्या बहिणीला खोटारडी ठरवलंत. कागदावर, शिक्क्यासकट. "पत्र पेटीत पोचले होते. सदर महिलेने पेटी उघडून पत्र पुसले." दोन वाक्यं. ती लिहिताना तुमच्यापैकी एकानंही खुर्ची सोडून मशीन बघितलं नाही. मी बघितलं, कारण मी त्याच मशीनवर काम करतो. तुम्ही लिहिलंत ते खोटं आहे हे मला माहीत आहे. आता तुम्हालाही माहीत आहे, कारण मी तीनदा अर्ज करून कळवलंय. हा चौथा अर्ज. हा तुमच्या टेबलाच्या खणात जाणार नाही, हा चारचौघांनी वाचायचा आहे.

मी प्रल्हाद वाढई. बाप सुतार. शिक्षण आयटीआय, वायरमन. मोबाईल दुरुस्तीच्या टपरीत बसून, लोकांचे मेलेले फोन उघडून उघडून मी कॉम्प्युटर शिकलो, आणि गेली अकरा वर्षं तुमच्याच कुटुंबपेटी महामंडळाच्या आमच्या जिल्हा केंद्रात तंत्रज्ञ आहे. शहराचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही म्हणाल, चूक फक्त तिथलीच.

पेटी आली त्याला वीस वर्षं झाली, पोस्टमन बंद झाल्याला नऊ. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एका रेशनकार्डाला एक पेटी. कोर्टाचं समन्स, शाळेचा प्रवेश, दवाखान्याची तारीख, नळाची वेळ, सगळं त्या पेटीत पडतं, आणि घरातला कुणीही आपल्या फोनवरून ती पेटी उघडतो. कोणी कधी उघडली याची नोंद नावानिशी होते. आणि कायदा एका ओळीचा: पेटीत पडलं ते पोचलं. मला मिळालंच नाही, असं म्हणायची सोय या राज्यात कोणाला उरलेली नाही.

माझी धाकटी बहीण वैजयंती. आम्ही वैजू म्हणतो. तिचं सासर त्याच शहरात, चौधरींचं घर. नवरा नितेश, सासू द्वारकाबाई. द्वारकाबाईंच्या दोन्ही किडन्या तीन वर्षांपूर्वी गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, एका वेळी चार तास. किडनीसाठी राज्याच्या यादीत नाव होतं. चार नंबरवर होत्या, मग तीनवर, मग त्यांचाच नंबर.

पूर्वी किडनी आली की दवाखान्यातून फोन यायचा. फोनवर वशिला चालायचा. एकाची किडनी दुसऱ्याच्या मेहुण्याला गेल्याच्या गोष्टी तुम्हीही ऐकल्या असतील. म्हणून नियम आला, आणि नियम चांगल्या मनानं आला हे मी मान्य करतो: फोन नाही, माणूस नाही, फक्त पेटी. किडनी जुळली की पेटीत पत्र. सहा तासांत 'हो' म्हणायचं. तेवढ्यात 'हो' आलं नाही तर तो नकार, आणि नकार झाला की नाव यादीच्या तळाला.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी द्वारकाबाईंच्या नावाचं पत्र आलं. ते घरात कोणी बघितलं नाही. बुधवारी डायलिसिसला सुई टोचताना नर्सनं सहज विचारलं, आजी, तुम्ही नको का म्हणालात? त्या म्हणाल्या, काय नको? तेव्हा कळलं. किडनी तोवर दुसऱ्याच्या पोटात गेली होती.

आता घरातलं सांगतो, कारण तुमच्या दोन वाक्यांनी जे केलं ते या घरात केलं.

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. जास्त झालं तर ते शरीरात साठतं, फुप्फुसात चढतं. द्वारकाबाईंना दिवसाला पाऊण लिटर. ते मोजायचं काम वैजूनं अंगावर घेतलं होतं. रोज सकाळी एका बाटलीत पाऊण लिटर भरायची आणि माठाला झाकणावरून दोरी बांधायची. द्वारकाबाई चोरून प्यायच्या, वैजू पकडायची, आणि मग सगळी गल्ली ऐकायची. सून मला पाण्यावाचून मारते, असं त्या ओट्यावर बसून ओरडायच्या. वैजू आतून ओरडायची की प्या, माठच तोंडाला लावा, म्हणजे शुक्रवारी मला स्ट्रेचर ओढावं लागणार नाही. शेजारणी हसायच्या. तीन वर्षं हे चाललं आणि तीन वर्षं ती बाई त्या पाऊण लिटरवर जगली.

नितेशनं महामंडळाकडे नोंद मागितली. नोंद आली. अकरा पस्तीस, पत्र पोचले. अकरा बेचाळीस, वैजयंती नितेश चौधरी, पेटीत बदल. त्यानंतर पेटीत ते पत्र नाही. सोबत तुमची ती दोन वाक्यं.

नितेशनं ते बैठकीच्या खोलीत मोठ्यानं वाचलं. तो वाईट माणूस नाही. त्यानं हात उचलला नाही, शिवी दिली नाही. एवढंच विचारलं की पत्र आलं आणि तू पेटी बदललीस याच्या मधे सात मिनिटं आहेत, त्या सात मिनिटांत तू काय करत होतीस? वैजू म्हणाली की नळ किती वाजता येणार ते बघायला पेटी उघडली, बघितलं, बंद केली, सात मिनिटं कशाला लागतील? तो म्हणाला, तेच तर. एक पत्र वाचून पुसायला सात मिनिटं पुरतात.

दुसऱ्या दिवशी त्यानं आईच्या गोळ्यांचा डबा वैजूच्या फडताळातून काढून आपल्या कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली. गल्लीत तर निकाल लागलाच होता. जी घोटभर पाणी देत नव्हती ती किडनी कशाला घेऊ देईल? तिसऱ्या दिवशी वैजू एक पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

आणि मीही विचारलं. हे मी लपवत नाही. ती पोळ्या लाटत होती, माझ्याकडे पाठ होती. मी म्हटलं, वैजू, चुकून बोट लागलं असेल का?

तिनं लाटणं थांबवलं नाही. "तू त्या मशीनवर काम करतो ना भाऊ? मंग मशीनले विचार ना. मले काऊन विचारतो?"

मी मशीनला विचारलं.

इथं थोडं समजून घ्यावं लागेल. मी सोपं करून सांगतो. मला स्वतःलाही असंच समजलं, पुस्तकातून नाही.

एका कुटुंबाची पेटी म्हणजे एक फाइल. एक लांबच लांब कागद समजा, त्यावर एकाखाली एक पत्रं. राज्यातल्या सगळ्या पेट्या राजधानीजवळच्या एका साठ्यात आहेत. पत्र आमच्या केंद्रात राहत नाही. आमचा सर्व्हर तारेवरून तिथं हात घालतो, कागद वाचतो, कागदावर लिहितो. छत्तीस जिल्ह्यांचे सर्व्हर असाच हात घालतात, शिवाय आरोग्य खात्याचा, कोर्टाचा, शाळांचा. आता दोघांनी एकाच वेळी एकाच कागदावर लिहिलं तर एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या खाली मरणार. म्हणून कडी असते.

ऑफिसातल्या संडासाची कडी असते तशीच. आत गेलात की कडी लावा, बाहेरचा थांबेल. पेटीची कडी म्हणजे पेटीशेजारी ठेवलेली एक छोटी रिकामी फाइल. ती दिसली की समजायचं, आत कोणीतरी आहे. तारेवरून कडी लावण्यात एक गोची आहे. तुम्ही कडी लावलीत, पण 'लागली' हा निरोप वाटेत हरवला, तर? आणि तेवढ्यात दुसऱ्यानंही लावली, तर? म्हणून निरोपावर विश्वास ठेवायचा नाही, परत जाऊन कडीवर हात ठेवून बघायचं की ही आपलीच आहे ना. हे ज्यांनी पेटी बांधली त्यांनी नीट केलं होतं. त्यांना माझा नमस्कार.

पण समजा, कडी लावून आत गेलेला आतच मेला. वीज गेली, सर्व्हर पडला. कडी तशीच राहणार आणि ती पेटी जन्मभर बंद. म्हणून नियम केला: कडी पाच मिनिटांपेक्षा जुनी असेल तर आतला मेला समजा, कडी तोडा आणि आत जा. नियम बरोबर आहे. एका पेटीवर लिहायला सेकंदही लागत नाही, पाच मिनिटं कोण बसतं?

आता सांगा, कडी किती जुनी आहे हे ठरवायचं कोणाच्या घड्याळावर?

कडीवर वेळेचा शिक्का साठ्याच्या घड्याळाचा पडतो. आणि बघणारा सर्व्हर तो शिक्का स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो. माझा बाप दोन फळ्या जोडायचा तेव्हा दोन्ही एकाच पट्टीनं मोजायचा. एक फळी घरच्या पट्टीनं आणि दुसरी गिऱ्हाइकाच्या पट्टीनं मोजणाऱ्याला तो कारागीर म्हणत नसे, तो काय म्हणायचा ते इथं छापता येणार नाही. साठ्यात एक नवी कोरी फाइल ठेवायची, तिच्यावर साठ्याचाच आत्ताचा शिक्का पडेल, आणि कडीचा शिक्का त्याच्याशी ताडायचा. एवढंच करायला हवं होतं. तुमच्या मोठ्या पगाराच्या एकाही माणसानं ते केलं नाही. सगळी घड्याळं सारखीच चालतात, असं धरून चालले.

सारखी का चालत नव्हती, ते सांगायची मला लाज वाटते. पण सांगतो.

आमच्या भागात घरोघरी भिंतीवरचं घड्याळ पुढे असतं. कोणाचं पाच मिनिटं, कोणाचं दहा. एसटी चुकू नये म्हणून. घरातल्या सगळ्यांना माहीत असतं की किती पुढे आहे, तरी ते पुढेच ठेवायचं. आमच्या केंद्राचे प्रमुख भोयर साहेब त्यातलेच. तरुणपणी एका मुलाखतीची गाडी तीन मिनिटांनी चुकली, तेव्हापासून त्यांचं मनगटावरचं घड्याळ कधी बरोबर नाही. शिस्तीचे. आमच्याकडे हजेरीचं अंगठ्याचं मशीन आहे आणि ते वेळ पेटीच्या सर्व्हरकडून घेतं. लोक दहाला यायचे ते दहा-पाच, दहा-सातला यायचे. साहेबांनी मला बोलावून सांगितलं की सर्व्हरचं घड्याळ सात मिनिटं पुढे कर, साले वेळेवर येतील. तोंडी सांगितलं. आणि मी केलं.

हो, मी. या बोटांनी. मला तेव्हा कड्या आठवल्या नाहीत. सर्व्हरची वेळ आपोआप जुळवणारी सोय होती, तीही मीच बंद केली, नाहीतर घड्याळ परत मागं आलं असतं. आठ दिवस लोक वेळेवर आले. नवव्या दिवसापासून सगळ्यांनी मनातल्या मनात सात वजा करायला सुरुवात केली आणि पुन्हा सात मिनिटं उशिरा यायला लागले. माणसं वजा करतात. सर्व्हरला कोणी सांगितलंच नव्हतं.

चौदा महिने ते घड्याळ तसंच होतं.

आता तो मंगळवार बघा. अकरा पस्तीस. आरोग्य खात्याचा सर्व्हर द्वारकाबाईंच्या पेटीला कडी लावतो आणि किडनीचं पत्र लिहायला घेतो. त्याच घडीला, सात मिनिटांनी नाही, त्याच घडीला, वैजू नळाची वेळ बघायला फोन उघडते. आमचा सर्व्हर तिच्यासाठी आख्खा कागद उचलून आणतो. तिनं नळाचं पत्र वाचलं, तर ते 'वाचलं' अशी खूण करून कागद परत ठेवायचा असतो. ठेवायला जातो तर कडी. शिक्का अकरा पस्तीसचा. आमच्या घड्याळात अकरा बेचाळीस. सात मिनिटं झाली, आतला मेला! कडी तोडली आणि आपल्याकडचा कागद त्या कागदावर ठेवून दिला. आपल्याकडच्या कागदात किडनीचं पत्र नव्हतं. आरोग्य खात्याच्या सर्व्हरनं तोवर आपलं काम झालं समजून नोंद केली, अकरा पस्तीस, पोचलं. आमच्यानं नोंद केली, अकरा बेचाळीस, वैजयंती, पेटीत बदल.

ज्या सात मिनिटांत माझ्या बहिणीनं पत्र वाचलं, विचार केला आणि सासूच्या जिवावर बोट फिरवलं असं तुम्ही म्हणता, ती सात मिनिटं पृथ्वीवर घडलेलीच नाहीत. ती मी कीबोर्डवर टाइप केली होती.

मी खात्री करून घेतली. एक खोटी पेटी उघडली, दुसरा एक बरोबर वेळेचा सर्व्हर घेतला, त्यावरून पत्रं टाकत गेलो आणि आमच्या सर्व्हरवरून तीच पेटी उघडत गेलो. हजार पत्रं. एकतीस गायब. घड्याळ बरोबर केलं, हजारातली हजार पोचली. परत पुढे केलं, सत्तावीस गायब. प्रत्येक गायब पत्राची 'पोचले' अशी नोंद होती.

तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि माझ्यापुढे एक निवड होती. घड्याळ तसंच चुकीचं ठेवलं तर पुरावा जिवंत राहतो. तपासणीला कोणीही येऊ दे, डोळ्यांनी बघेल. पण तपासणी यायला महिना लागला असता, आणि त्या महिन्यात आमच्या जिल्ह्यातल्या तीन लाख घरांच्या पेट्यांमधून पत्रं मरत राहिली असती. कोणाचं काय मेलं हे त्यांना कळलंही नसतं. जे पत्र येणार हेच माहीत नाही, ते आलं नाही म्हणून कोण रडतं?

मी घड्याळ बरोबर केलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी. माझ्या बहिणीचा पुरावा मी स्वतःच्या हातानं पुसला. मग भोयर साहेबांकडे गेलो.

ते डबा खायला बसत होते. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "वाढई, घड्याळ पुढे कोणी केलं?"

"तुमच्या सांगण्यावरून मी केलं."

"कागद आहे?"

"नाही. तोंडी होतं."

"मग तू केलंस."

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि मला वांग्याची भाजी पुढे केली. मला वाटतं, त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. आता बरोबर केलंस ना, मग विषय संपला, असं ते म्हणाले. एका म्हातारीपायी तू नोकरी घालवणार, मी निवृत्ती घालवणार, आणि किडनी काही परत येणार नाही. मी भाजी घेतली नाही. एवढाच माझा बाणेदारपणा त्या दिवशी.

पहिला अर्ज केला. तुमची तपासणी झाली, राजधानीत बसूनच झाली. तुम्ही उत्तर दिलंत: "जिल्हा केंद्राचे घड्याळ अचूक आढळले." अचूक असणारच! मी बरोबर केलं म्हणून अचूक आढळलं. माझ्या चाचणीची पानं जोडली होती, ती 'अर्जदाराने स्वतः तयार केलेली' म्हणून बाजूला ठेवलीत.

पुरावा मिळाला तो झाडू मारणाऱ्या बाईकडून. मेश्राम मावशी. अठरा वर्षं केंद्रात. मी कॅन्टीनच्या कट्ट्यावर डोकं धरून बसलो होतो, तर शेजारी येऊन बसल्या आणि एसटीचा पास माझ्यापुढे ठेवला. हा पास बसच्या दारात टेकवला की चढल्याची वेळ नोंद होते. एसटीच्या घड्याळाशी आमच्या केंद्राचा काही संबंध नाही.

"हजेरीचं मशीन म्हणते, मी पाच एकतीसले सुटली," मावशी म्हणाल्या. "एसटीचं मशीन म्हणते, पाच अठ्ठावीसले मी गाडीत बसली. म्हणजे मी सुटायच्या आधीच गाडीत. मंग मी उडत गेली काय रे पोरा?"

स्टँड चार मिनिटांवर आहे. एकतीसमधून सात वजा, चोवीस. अधिक चार, अठ्ठावीस. बरोबर. मी पासाची आणि हजेरीची चौदा महिन्यांची नोंद काढून घेतली. दोनशे बारा दिवस मेश्राम मावशी ऑफिसातून निघायच्या आधी एसटीत बसलेल्या आहेत. मी विचारलं, मावशी, तुमचं नाव जाईल, नोकरी कंत्राटी आहे. त्या म्हणाल्या, नाव तर घाल, नुसतं झाडूवाली नको लिहू.

म्हणून लिहितो. शकुंतला देवाजी मेश्राम.

तो पुरावा दुसऱ्या अर्जाला जोडला आणि तुमच्या उत्तराची वाट न बघता चौधरींच्या घरी गेलो. बुधवार होता, डायलिसिसहून आल्या होत्या. द्वारकाबाई पलंगावर पडलेल्या, पायांना सूज, हातावर पट्टी. नितेश उंबऱ्याशी उभा. चहा विचारला नाही, मी अपेक्षाही केली नव्हती. मी कागद पसरले आणि सगळं सांगितलं, घड्याळ मीच पुढे केलं हेही. नितेशनं पासाची पानं एक एक करून बघितली. बोटांवर वजाबाकी केली. पुन्हा एकदा केली.

मग म्हणाला, "म्हणजे ते अकरा बेचाळीस..."

"अकरा पस्तीसच होते."

तो खाली बसला. किल्लीचा जुडगा खिशातून निघून फरशीवर पडला, त्यानं उचलला नाही.

द्वारकाबाई छताकडे बघत होत्या. मला वाटलं, आता माझ्यावर तुटून पडतील, आणि त्यांना हक्क होता. त्या हळू म्हणाल्या, "मले ठाऊक होतं. वैजू नाई पुसणार."

नितेशनं मान वर केली. मी विचारलं, ठाऊक होतं तर बोलल्या का नाही?

"ते पोरगी भांडते तोंडावर. मागून काई करायचं तिले येतच नाई." त्या थांबल्या, श्वास घेतला. "पण मशीननं सांगतलं ना, बापू. मशीन माह्यापेक्षा शिकलेलं. मले वाटलं, माहंच चुकत असन."

हे वाक्य तुमच्या कचेरीच्या दारावर लिहून लावा. तीन वर्षं जिनं एका सुनेला रोज बघितलं, तिच्या डोळ्यांपेक्षा तुमची एक ओळ मोठी ठरली. ओळ खोटी होती, तरी.

नितेश दुसऱ्या दिवशी माझ्या घरी आला. वैजूनं त्याला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. तो चल म्हणाला. माझी चूक झाली म्हणाला. ती म्हणाली की तुमचं तुम्ही मला सांगितलंत, बरं केलंत, पण सरकारी कागदावर मी अजून पुसणारीच आहे. उद्या आत्याबाईंना काही झालं तर पोलीस तुमच्या मनातलं वाचणार नाहीत, तो कागद वाचतील. कागद बदलेल त्या दिवशी येईन.

घरी गेली नाही. पण सोमवारी सकाळी डायलिसिस सेंटरच्या दारात जाऊन उभी राहिली, हातात पाऊण लिटरची बाटली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार जाते. चार तास सासूशेजारी बसते. नितेश बाहेरच्या बाकावर. आतून दोघींचा आवाज येतो. परवा द्वारकाबाई नर्सला सांगत होत्या की ही घर सोडून गेली तरी माझा घोट मोजायला येते, असली वैरीण कोणाला मिळाली नसेल. नर्स हसली. वैजू पण हसली म्हणे.

तुमचं दुसरं उत्तर आलं: प्रकरण विचाराधीन. तिसरं गेल्या आठवड्यात आलं, ते मला पाठ आहे. "अर्जदार हा सदर महिलेचा सख्खा भाऊ असून त्याची शैक्षणिक पात्रता आयटीआय वायरमन एवढीच आहे. पेटी प्रणालीत पत्र गहाळ होणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही. सबब नोंद कायम."

शक्य नाही? मी एका सकाळी अठ्ठावन्न पत्रं गहाळ करून दाखवली. तुमच्याकडे मोठ्या डिग्र्यांची माणसं आहेत, त्यांना पाठवा. मी चहा पाजतो आणि त्यांच्यासमोर करून दाखवतो. भाऊ आहे म्हणून खोटं बोलतो म्हणता, तर खोटं बोलून मी स्वतःवर काय ओढवलं ते तरी वाचा. घड्याळ मी पुढे केलं. नोकरी घ्या, खटला भरा, मी सही करून देतो. भोयर साहेबांचा कागद नाही, माझा आहे, हा घ्या. चौदा महिन्यांत आमच्या जिल्ह्यातून किती पत्रं मेली याचा शोध तुम्हाला घ्यावाच लागेल, आणि त्यातलं प्रत्येक घर आपापल्या माणसावर संशय घेत बसलं असेल. तो हिशेब तुम्ही जेव्हा द्यायचा तेव्हा द्या.

मी इथं एकच मागतोय. सेंटरमधल्या डॉक्टरांनी सोमवारी द्वारकाबाईंचा हात तपासला. ज्या शिरेतून रक्त मशीनला जातं ती शीर बुजत चालली आहे. दुसऱ्या हाताची आधीच गेली. डॉक्टर म्हणाले, दोन महिने, फार तर तीन. तुमच्या 'नोंद कायम' या दोन शब्दांमुळे द्वारकाबाई यादीत आज दोन हजार तीनशे अकराव्या आहेत. ती नोंद निघाली तर पत्र पोचलंच नव्हतं असं ठरतं, नकार रद्द होतो आणि त्या पुन्हा वर येतात. तीच नोंद निघाली तर माझी बहीण आपल्या घरी जाते. दुसरा कुठलाही मार्ग तुम्ही शिल्लक ठेवलेला नाही.

विचाराधीन नको. पेटीत टाकलेलं उत्तर नको. माणूस पाठवा, नाव असलेला, सही करणारा, आणि त्यानं डायलिसिस सेंटरमध्ये त्या दोघींच्या समोर उभं राहून सांगावं.

वैजयंती चौधरीच्या नावावरची ती नोंद तुम्ही काढणार आहात की नाही? काढणार असाल तर कोणत्या तारखेला?